कुणाचाच नसलेला पावणा

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. आता आहे का, असं विचाराल तर पटकन 'हो' म्हणणार नाही. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, मी बावीस वर्षं इन्स्पेक्शनला होतो. कास्टिंग चांगलं आलंय असं कुणी म्हणालं की आधी ते खोटं धरायचं आणि मग मापाचा गेज लावायचा, हेच माझं काम. ही सवय माझ्याबरोबर घरीही आली. भाजीवाल्याचा काटा, गॅसच्या सिलिंडरचं सील, मुलांच्या शाळेची पावती... सगळं दोनदा बघायचं. बायको म्हणायची, "तुम्हाला देवळात सोडलं तर मूर्तीलाही टिचकी मारून बघाल."

या सदरातले अनुभवही मी तसेच वाचतो — खोट कुठे आहे ते शोधत. माझाही अनुभव तुम्ही तसाच वाचा. खोट सापडली तर कळवा. मला ती खरंच हवी आहे.

गोष्ट २००६ सालची. रुईकर कॉलनीच्या मागे आमचं घर. मी, बायको सुनीता, आठ वर्षांची मुग्धा, तीन वर्षांचा पार्थ आणि माझे वडील — त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो. गुडघ्यांमुळे अण्णांचं बाहेर जाणं बंदच झालं होतं. चौघांची वाहतूक एका स्कूटरवर चालायची. एका दुपारी हायवेला शिरोलीच्या पुलाजवळ एक ट्रक इतका खेटून गेला की सुनीताचा पदर त्याच्या हुकात अडकता अडकता राहिला. घरी आल्यावर ती पायरीवरच बसली. पार्थला मांडीवर घट्ट धरून म्हणाली, "आता या स्कूटरवर मी मुलांना घेऊन बसणार नाही. तुम्ही काय करायचं ते करा."

नवी गाडी परवडणारी नव्हती. म्हणजे सेकंड हँड. सुनीताची एकच अट — मागच्या सीटलाही पट्टे हवेत. मुग्धाची अट, टेप हवा आणि तो मोठ्यानं वाजायला हवा. माझी अट, आपल्याला कुणी फसवता कामा नये.

आणि फसायला ते साल अगदी सोयीचं होतं. आदल्या पावसाळ्यात कृष्णेला पूर येऊन गेला होता. शिरोळ भागात कित्येक गाड्या दिवसचे दिवस पाण्यात उभ्या होत्या. त्याच गाड्या आता धुऊन-पुसून, पॉलिश मारून बाजारात आल्या होत्या. म्हणून मी दादू मिस्त्रींना बरोबर घ्यायचं ठरवलं. उद्यमनगरात त्यांचं छोटं गॅरेज. साठीच्या आसपासचा माणूस, कमी बोलणारा. अण्णांची जुनी जीप त्यांनीच शेवटपर्यंत चालती ठेवली होती. मी हाफ पँटमध्ये असल्यापासून ते मला ओळखत होते.

आमच्याकडे दिवस मावळायच्या आत जेवण, त्यामुळे सगळ्या गाड्या आम्ही सकाळी नाहीतर भर दुपारी बघितल्या. हे मुद्दाम सांगतोय. अंधारात काहीतरी भास झाला असेल, असं म्हणायला जागा नको.

पहिली गाडी शिरोळजवळ बाबू नावाच्या एका एजंटाकडे होती. गाड्यांच्या कंपन्या आणि मॉडेलं मुद्दाम लिहीत नाही, दोष त्यांचा नव्हता. चंदेरी रंग, आतून नव्यासारखी, आणि दार उघडलं की अत्तराचा वास. तिथेच मी सावध झालो. खिशातलं चुंबक काढून पत्र्यावर फिरवलं. अपघातात चेपलेली जागा पुट्टीनं भरली असेल तर तिथे चुंबक धरत नाही. पण सगळीकडे छान धरत होतं. मिस्त्रींनी इंजिन ऐकलं आणि म्हणाले, "चक्कर मारून बगू या की."

ते चालवायला बसले, मी त्यांच्या शेजारी, बाबू मागे. मागे आणखी एक म्हातारा आधीच बसला होता. सत्तरीचा असेल. पांढरी टोपी, मळखाऊ शर्ट, मांडीवर कापडी पिशवी. मालकाच्या घरचं कुणीतरी वडीलधारं माणूस असेल, असं मी धरून चाललो. आपण अशा वेळी विचारत नाही.

गाडी उसातून कॅनॉलच्या रस्त्याला लागली. बाबू सारखा बोलत होता — एका हातची गाडी, फक्त देवदर्शनाला वापरली, वगैरे. तेवढ्यात माझ्या सीटच्या पाठीवर एक हात आला. मी वळून बघितलं, तर म्हातारा पुढे वाकला होता. अगदी हळू आवाजात म्हणाला, "पावणं, पट्टा पार शेवटपतोर वडा की."

मी लावलेला सीटबेल्ट काढला आणि ओढत गेलो. हातभर, दोन हात... नेहमी वापरताना जेवढा बाहेर येतो तेवढा काळाभोर, स्वच्छ. त्याच्या पुढचा, आत गुंडाळलेला, तपकिरी. त्यावर वाळलेल्या गाळाची सरळ रेघ होती. नखानं खरवडली तर माती निघाली.

"मिस्त्री, गाडी थांबवा."

कॅनॉलच्या कडेला उतरून चांगला अर्धा तास भांडण झालं. बाबू आधी शपथा घेत होता, मग म्हणाला, "पाण्यात हुती, पर थोडी." परत जाताना मागे तो एकटाच बसला होता. म्हातारा भांडणात कुठेतरी उतरून गेला असेल, अशी माझी समजूत. आजूबाजूला वस्ती होती, उसात पायवाटा होत्या... त्यात नवल काय?

घरी येताना मिस्त्री मोटरसायकल चालवता चालवता म्हणाले, "तुमचं पावणं लई हुशार हाय हां, चौगुले."

"माझं कुठलं? ते मालकाकडचं होतं की."

मिस्त्रींनी गिअर बदलला. दुसऱ्या दिवशी बाबूचा फोन आला, तो खवळलेलाच. "गाडी नको तर नको म्हणायचं, चौगुले. घरनं म्हातारं आणून धंदा कशाला नासवताय?"

"अहो, म्हातारं तुमच्या बाजूचं!"

"आमचं? मी तर तुमचं म्हणून सरकून जागा दिली त्येला."

मी फोन ठेवला आणि हसलो. अर्थ सरळ होता. बाबूचा धंदा पाडायला दुसऱ्या एजंटानं माणूस बसवला होता. आपलं नुकसान वाचलं, विषय संपला. फक्त त्याचा हात डोळ्यांसमोर राहिला. उजव्या अंगठ्याचं नख मधोमध उभं चिरलेलं होतं, वरपासून मुळापर्यंत. दिवसभर कास्टिंगमधल्या चिरा बघणाऱ्या माणसाला अशी गोष्ट दिसतेच.

दोन आठवड्यांनी दुसरी गाडी मिळाली, आणि ती बघून आम्ही सगळेच खूश झालो. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत देसाईसाहेब म्हणून एक मॅनेजर होते. त्यांची पुण्याला बदली झाली होती. गाडी लालभडक, पुढे-मागे पट्टे, टेप, सर्व्हिसिंगचा कागद न कागद फाइलमध्ये. माणूस इतका नीटनेटका की माझ्यासारख्यालाही शंका काढायला जागा नव्हती. मी, सुनीता आणि मुलं एसटीनं गेलो, मिस्त्री मोटरसायकलवरून आले. चुंबक फिरवलं, पट्टा शेवटपर्यंत ओढला, मिस्त्री खाली झोपून सगळं बघून आले. अंगावरची धूळ झटकत म्हणाले, "डोळं झाकून घ्या."

मग आम्ही चक्कर मारली. मिस्त्री चालवत होते, देसाई पुढे, आम्ही चौघं मागे. रविवार असल्यामुळे एमआयडीसीचे रुंद रस्ते रिकामे. मुग्धानं कॅसेट लावायला लावली आणि दोन्ही पोरं सीटवर उड्या मारत गायला लागली. सुनीता हसत होती. त्या पुलावरच्या दिवसानंतर मी तिला गाडीत... म्हणजे रस्त्यावर असताना पहिल्यांदाच हसताना बघितलं. हीच गाडी घ्यायची, असं मी तिथेच मनात ठरवून टाकलं.

परत आलो. देसाईंच्या मिसेस चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या. मोठी माणसं आम्ही पाच, त्यांच्यासकट. ट्रेमध्ये कप सहा.

"ते बाबा कुठे गेले?" त्यांनी विचारलं.

"कोण बाबा?"

"तुमच्याबरोबर आलेले. तुम्ही चक्कर मारायला गेलात तेव्हा इथे पायरीवर बसले होते की. टोपीवाले, हातात पिशवी."

मी मिस्त्रींकडे बघितलं. मिस्त्री माझ्याकडे. मग त्यांनी मान खाली घातली आणि बशीत चहा ओतला. त्यांचं ते नजर खाली घालणं मला खटकलं. माणूस काहीतरी लपवत असला की असंच करतो, हे माझं ठाम मत. मी कंपाउंडच्या बाहेर जाऊन रस्ता बघून आलो. दोन्ही बाजूंना लांबवर सरळ रस्ता, एक कुत्रं सोडलं तर कुणी नाही.

सोमवारी देसाईंचा फोन. आवाजात संकोच. "चौगुले, माफ करा. गाडी नाही देता येणार."

"का हो? जास्त कुणी देतंय का?"

"तसं अजिबात नाही. तुमच्याच त्या बाबांनी हिला सांगितलं — ही गाडी ह्यांना देऊ नका. हिच्या मनात शंका बसलीय. लहान मुलं आहेत तुमची, उद्या काही झालं तर... नको. आम्ही गाडी पुण्यालाच नेतो."

मी खूप समजावलं. ते बधले नाहीत.

आता बघा, मी हिशेब कसा केला. शिरोळला जाणार हे फक्त मला आणि मिस्त्रींना माहीत. कागलला जाणार हे मला, मिस्त्रींना आणि घरच्यांना. दोन्हीकडे तोच म्हातारा. वाईट गाडीचा सौदा त्यानं मोडला, चांगल्या गाडीचाही मोडला. म्हणजे तिसरीच कुठलीतरी गाडी आमच्या गळ्यात मारायची आहे, आणि तो माणूस दादू मिस्त्रींचा आहे. मला यात एकही भोक दिसेना.

पहिली पाळी सुटल्यावर मी थेट उद्यमनगर गाठलं. मिस्त्री एका गाडीच्या चाकापाशी उकिडवे बसले होते. आजूबाजूच्या गॅरेजची माणसंही होती. मी विचारलंच नाही, सरळ सुरू झालो. कुणाची गाडी खपवायची आहे, कधीपासून हे चालू आहे, अण्णांनाही असंच लुटलं का... बोलण्याच्या भरात मी त्यांना 'तू' म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा.

ते उठले. कापडानं हात पुसत राहिले, बराच वेळ. शेजारच्या लेथचा आवाज थांबला होता.

"झालं बोलून?" त्यांनी विचारलं. "मला वाटलं, त्यो म्हातारा तुमीच आनलाय. दादू मिस्त्री खरं सांगतोय का न्हाय, हे बगायला. म्हनून गप बसलो. बसूंदे म्हटलं, बगूंदे म्हटलं." मग ते परत चाकापाशी बसले. "जावा आता."

तेव्हा मला हा त्यांचा कांगावा वाटला. खरंच वाटला.

घरी येऊन मी सुनीतालाही विचारलं, "तू कुणाला सांगितलं होतंस? माहेरी? शेजारी?" तिनं पोळपाट बाजूला ठेवला आणि आत जाऊन दार लावून घेतलं. अण्णांना विचारलं, "तुम्ही कुणाला पाठवलं नाही ना आमच्या मागं?" अण्णा म्हणाले, "मला संडासापर्यंत जायला काठी लागतीय. मी हेर कुठनं सोडू?"

म्हटलं, आता आपणच एक चाचणी घ्यायची. ज्याची माहिती कुणालाच नाही, अगदी मलाही आधीपासून नाही, अशी गाडी बघायला जायचं. तिथे म्हातारा आला नाही, तर आतलं माणूस फुटलंय हे पक्कं.

पुढच्या रविवारी सकाळी दूध आणायला म्हणून बाहेर पडलो. आमच्या घरी येतो तो पेपर सोडून दुसराच पेपर स्टँडवर विकत घेतला. छोट्या जाहिरातींचं पान उघडलं, डोळे मिटले आणि बोट ठेवलं. पहिल्यांदा बोट 'वधू पाहिजे'वर पडलं. दुसऱ्यांदा ट्रॅक्टरवर. तिसऱ्यांदा एका चारचाकीवर — 'एकाच मालकाची, कमी वापर, कळंबा.' माझ्या मोबाइलवरून फोन केला नाही, नंबर जायला नको म्हणून. कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमधून केला. एका बाईंनी उचलला. "आत्ता आलो तर चालेल?" "या की." मी नावही सांगितलं नाही. तसाच स्कूटरला किक मारून निघालो. वाटेत दोनदा थांबून मागे कुणी येतंय का, ते बघितलं.

घर कळंब्यात तलावाच्या अलीकडे. बाईंचं नाव हिरेमठ, शाळेतून रिटायर झालेल्या, पासष्टीच्या; यजमान वारलेले, गाडी त्यांचीच. मूळच्या निपाणीकडच्या असाव्यात, बोलण्यावरून. फाटक उघडून त्यांनी माझ्याकडे नीट निरखून बघितलं आणि प्रसन्न हसल्या.

"अय्यो, आलात होय! काल तुमचे अप्पा येऊन बघून गेले की गाडी."

माझ्या हातातली किल्ली खाली पडली. हे लिहायला सोपं आहे. तिथे उभं राहून ती किल्ली उचलायला मला वाकता येईना.

"काल?" मी म्हणालो. "पण तुमची जाहिरात तर आज आलीय."

"मलाही तेच वाटलं. मग म्हटलं, पेपरच्या ऑफिसातनं कळलं असेल कुणाला तरी." त्या खुर्ची सरकवत होत्या, त्यांना त्यात काही विशेष वाटत नव्हतं. "चांगले आहेत हो तुमचे अप्पा. म्हणाले, माझा ल्योक उद्या येईल. सगळं तपासंल, चुंबक लावून बगंल. वाईट वाटून घिऊ नका, सभावच हाय त्येचा."

चुंबक माझ्या खिशात होतं. मी त्यावर हात ठेवला.

माझे वडील आदल्या दिवशी घरातच होते. मी घरी होतो, त्यांच्यासमोर. तरीही मी इन्स्पेक्टरच. म्हटलं, उत्तर आपल्या तोंडून जायला नको. विचारलं, "दिसायला कसे होते? काही खूण?"

"टोपी होती. पिशवी होती. आणि हां... अंगठ्याचं नख असं मधोमध चिरलेलं. मी विचारलं, लागलंय का? म्हणाले, जुनं हाय."

तुमच्या मनात आता जे आलं, ते माझ्याही मनात आलं. बाई विधवा, गाडी त्यांच्या यजमानांची, म्हणजे तो म्हातारा... मी पाणी मागितलं आणि त्या निमित्तानं आत गेलो. भिंतीवर यजमानांचा मोठा फोटो होता, हार घातलेला. गोरे, टक्कल, जाड चष्मा, रुंद चेहरा. तो म्हातारा सावळा, निमुळत्या तोंडाचा. दोघांत काही म्हणजे काही साम्य नव्हतं.

मग मी गाडी तपासली. दोन तास. इतक्या चिडून मी आजवर कशाची तपासणी केली नव्हती. मला खोट हवीच होती. फिकट निळी गाडी, थोडी जुनी, पण चुंबक सगळीकडे धरत होतं. पट्टे शेवटपर्यंत काळे, मागच्या सीटचेही. टेप होता, आणि तो नको इतका मोठ्यानं वाजत होता. डिकीतला स्पेअर टायर जमिनीला लागलेलाच नव्हता. एक खोट सापडली नाही, आणि त्याचीच मला भीती वाटली. मी बाईंना "कळवतो" म्हणालो आणि जवळजवळ पळून आलो.

घरी येऊन सुनीताला सगळं सांगितलं, पहिल्यापासून. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "मला एकच सांगा. गाडी चांगली आहे की नाही?"

"चांगली आहे."

"मग?"

"पण तो कोण आहे? त्याला आपल्याला हीच गाडी का द्यायची आहे?"

"ते मला माहीत नाही. तुम्हालाही कळणार नाही. पण तुम्ही मिस्त्रींना जे बोललात ना, ते मला माहीत आहे. ते आधी निस्तरा."

मी दोनदा गॅरेजवर गेलो. मिस्त्रींनी मान वर केली नाही. शेवटी एके दिवशी शाळा सुटल्यावर मुग्धाला घेऊन सुनीता एकटीच गेली. तिथे ती काय बोलली, हे तिनं आजवर मला सांगितलेलं नाही. पण त्या शनिवारी मिस्त्री कळंब्याला आले. गाडीखाली गेले, चालवून आले, बॉनेट मिटलं. माझ्याकडे न बघता सुनीताला म्हणाले, "वहिनी, घ्या. एक नंबर हाय."

"मिस्त्री, चुकलं माझं," मी म्हणालो.

"चालायचंच की."

गाडी घेतली. पहिले काही महिने मी आरशातून सारखा मागची सीट बघायचो. सिग्नलला दार उघडून कुणी बसलं तर काय करायचं, याचा विचार करून ठेवला होता. म्हातारा पुन्हा कधी दिसला नाही. गाडीनं आम्हाला आठ वर्षं कधी दगा दिला नाही. महाबळेश्वर, गोकर्ण, पार्थची आजारपणं, अण्णांचं शेवटचं हॉस्पिटल — सगळं त्याच गाडीतून. या आठ वर्षांत 'गाडीमुळे जीव वाचला' असा एकही प्रसंग घडला नाही, हेही प्रामाणिकपणे लिहितो. तसं काही घडलं असतं तर निदान अर्थ तरी लागला असता.

मला वाटायचं, मग त्या लाल गाडीला काहीतरी झालं असेल. तीन-चार वर्षांनी कोल्हापुरातच एका लग्नात देसाई पती-पत्नी भेटले. मी जेवण सोडून आधी गाडीचं विचारलं.

"अजून आहे की," देसाई म्हणाले. "पंक्चरशिवाय काही नाही."

त्यांच्या मिसेस मात्र माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "तुम्हाला तेव्हा पूर्ण सांगितलंच नाही ह्यांनी. ते बाबा म्हणाले होते, 'ही गाडी ह्यांना देऊ नका. ह्यांची ठरल्याली हाय.' मी विचारलं, कुठली ठरलीय? तर म्हणाले, 'अजून त्या बाईनं विकायची ठरवली न्हाय.'"

हिरेमठबाईंना मी गाडी घेताना विचारलं होतं, विकायचं कधी ठरवलंत म्हणून. आम्ही कागलला जाऊन आल्यानंतरच्या बुधवारी त्यांच्या मुलीनं फोनवर आग्रह केला, तेव्हा ठरलं.

एजंटाची चाल, मिस्त्रींची चाल, पेपरच्या ऑफिसातला माणूस, योगायोग, रिकामटेकडा म्हातारा... मी एकेक गेज लावून बघितला आहे. या सगळ्या गोष्टी एकदम बसतील असा एकही नाही. आणि खरं सांगू? मला त्याच्याबद्दल कृतज्ञता वाटत नाही. लोक म्हणतात, देवमाणूस असेल. असेल. पण माझ्या खिशात काय आहे हे ठाऊक असलेला आणि स्वतःचं नाव न सांगणारा माणूस... त्याला यातून काय हवं होतं, हे मला आजही कळत नाही.

पण या सगळ्यात मला छळतं ते वेगळंच.

दादू मिस्त्रींनी ती गाडी शेवटपर्यंत सांभाळली. मुद्दाम आमच्या घरी यायचे, चहा घ्यायचे, मुलांची चौकशी करायचे. राग म्हणून कधी दाखवला नाही. पण त्या दिवसापासून गाडीचा कुठलाही भाग काढला की तो आधी माझ्यासमोर धरायचे. झिजलेला आणि नवा, दोन्ही. मी बघून मान हलवल्याशिवाय नवा बसवायचे नाहीत. दुसऱ्या कुठल्याही गिऱ्हाइकाला ते असं दाखवत नसत. मी बघितलंय, बाकीचे किल्ली टाकून निघून जायचे.

मिस्त्रींनी गॅरेज कायमचं बंद केलं, त्याच्या आदल्या आठवड्यात मी ब्रेकसाठी गेलो होतो. त्यांचे हात थरथरायला लागले होते. त्यांनी जुना ब्रेक शू तळहातावर घेऊन माझ्यापुढे धरला.

"मिस्त्री, नका दाखवू," मी म्हणालो. "माझा विश्वास आहे."

त्यांनी हात मागे घेतला नाही.

"बगा, चौगुले. तुमास्नी बगितल्याबिगार बरं वाटत न्हाय."

मी बघितलं.